मॅकियाव्हेली खरोखर ‘पहिला आधुनिक’ राजकीय विचारवंत होता का?

प्रश्न असा आहे: एका पाठ्यपुस्तकात मॅकियाव्हेलीला ‘पहिला आधुनिक राजकीय विचारवंत’ म्हटले आहे, दुसऱ्यात तो ‘आपल्या काळाचे अपत्य’ आहे, आणि परीक्षेत दोन्ही वाक्यांवर ‘चर्चा करा’ येते. यातले खरे काय मानायचे? आणि विद्वानांचा वाद नेमका कशावर आहे?

पाश्चात्त्य राजकीय विचार हा माझा शिकवण्याचा विषय आहे आणि ही शंका वर्गात हमखास निघते. दोन्ही वाक्ये पाठ करून दोन्हीकडे मान डोलावली तर गुण मिळतात, पण ज्याला मॅकियाव्हेली समजून घ्यायचा आहे त्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. मॅकियाव्हेलीत नवे काहीतरी आहे आणि ते मोठे आहे. मात्र पाठ्यपुस्तके ज्या तीन-चार ठिकाणी बोट ठेवतात, तिथे ते नाही. ते सापडते ‘डिस्कोर्सेस’ या रोमन इतिहासकार लिव्हीवरच्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या चौथ्या प्रकरणात, आणि ते तिथेच आहे असे मी म्हणतो याचे कारण त्याच्या समकालीनाला तिथेच झोंबले होते.

आधी माणूस थोडक्यात. जन्म 1469, फ्लॉरेन्स. 1498 मध्ये शहरावर प्रभाव गाजवणाऱ्या साव्होनारोला या धर्मोपदेशकाला जाळल्यानंतर काही आठवड्यांतच हा फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा अधिकारी झाला. चौदा वर्षे दूत म्हणून फिरला, पोपचा मुलगा आणि सेनानी चेझारे बोर्जा याच्या छावणीत राहिला, भाडोत्री सैनिकांऐवजी गावकऱ्यांची फौज उभी केली. 1512 मध्ये फ्लॉरेन्सवर पूर्वी सत्ता गाजवणारे मेदिची घराणे परत आले आणि नोकरी गेली. 1513 च्या फेब्रुवारीत कटाच्या संशयावरून अटक झाली. हात पाठीमागे बांधून दोरीने वर खेचायचे आणि खाली सोडायचे, असा छळ झाला. सुटल्यावर गावाबाहेरच्या शेतावर बसून त्याने लिहायला घेतले. ‘द प्रिन्स’ छापला गेला 1532 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. ‘डिस्कोर्सेस’ 1531 मध्ये. हे एवढे लक्षात असू द्या, कारण पुढचा बराच वाद या दोन पुस्तकांत कोणते मुख्य मानायचे यावर फिरतो.

आता नेहमीचे दावे एकेक करून तपासू.

पहिला दावा: त्याने राजकारणाची नीतीपासून फारकत केली, म्हणून तो आधुनिक. इटलीत तत्त्वज्ञ क्रोचेने ही मांडणी रूढ केली आणि आपल्या पुस्तकांत तीच झिरपत आली. पण राज्य टिकवण्यासाठी कपट, हेरगिरी, विषप्रयोग यांचा थंडपणे विचार करणे हीच आधुनिकता असेल, तर कौटिल्य त्याच्या कितीतरी शतके आधी आधुनिक ठरतो. ‘अर्थशास्त्र’ 1909 मध्ये शामशास्त्रींनी प्रसिद्ध केले आणि दहाच वर्षांत, 1919 मध्ये, मॅक्स वेबर आपल्या राजकारणावरच्या प्रसिद्ध व्याख्यानात म्हणाला की त्या ग्रंथापुढे ‘द प्रिन्स’ अगदी निरुपद्रवी वाटतो. वेबर बरोबर होता. निष्ठुर सल्ला हा काळाचा निकष होऊ शकत नाही. तो सगळ्या काळांत दिला गेला आहे.

शिवाय ‘फारकत’ हे वर्णनही नीट बसत नाही. आयझाया बर्लिनने यावर जे म्हटले ते मला आजही सर्वात पटते. मॅकियाव्हेली नीती विरुद्ध राजकारण अशी निवड करायला सांगत नाही. त्याच्यापुढे दोन नीती आहेत. एक ख्रिस्ती: नम्रता, क्षमा, परलोकाची ओढ. दुसरी जुन्या रोमची: धैर्य, नगराचा अभिमान, सार्वजनिक कीर्ती. दोन्ही खऱ्या, दोन्ही पूर्ण, आणि दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. बर्लिनच्या मते याहून नवे म्हणजे यातून निघणारा निष्कर्ष: सगळी चांगली मूल्ये शेवटी एका सूत्रात बसतात, ही युरोपची जुनी श्रद्धा इथे तुटते. गंमत म्हणजे हे मॅकियाव्हेलीने स्वतः कुठेही तत्त्व म्हणून सांगितलेले नाही. त्याला त्याचे काहीच वाटत नाही, तो सरळ पुढे जातो. म्हणजे बर्लिनने दाखवली ती आधुनिकता मॅकियाव्हेलीच्या परिणामांत आहे, हेतूत नाही. हा फरक जपून ठेवा, तो पुढे लागेल.

दुसरा दावा: त्याने राज्यशास्त्राला शास्त्रीय पद्धत दिली. अर्न्स्ट कॅसिररने त्याची तुलना गॅलिलिओशी केली होती. ‘द प्रिन्स’च्या पंधराव्या प्रकरणात तो म्हणतोच की कल्पनेतल्या राज्यांपेक्षा वस्तुस्थितीतल्या परिणामकारक सत्यामागे जाणे मला योग्य वाटते. बेकनने त्याचे आभार मानले ते यासाठीच, की माणसे काय करतात ते त्याने लिहिले, काय करायला हवे ते नव्हे. पण प्रत्यक्ष तो काय करतो ते पाहा. निष्कर्ष बहुधा लिव्हीच्या रोमन इतिहासातून येतो आणि मग भोवतालच्या घटना त्याला जोडल्या जातात. हर्बर्ट बटरफील्डने 1940 मध्ये हे बारकाईने दाखवले. तोफांचे उदाहरण घ्या. 1494 मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने चाकांवरच्या तोफा आणून इटलीची जुनी युद्धरीत मोडीत काढली. मॅकियाव्हेली तेव्हा पंचविशीत होता. तरी ‘डिस्कोर्सेस’च्या दुसऱ्या भागात तो हिरिरीने मांडतो की तोफांमुळे फारसे काही बदललेले नाही, रोमन पायदळाची रीतच श्रेष्ठ आहे. त्याच भागात, पैसा हा युद्धाचा कणा नव्हे, असेही एक प्रकरण आहे. बँका आणि लोकरीच्या व्यापारावर उभ्या असलेल्या फ्लॉरेन्समध्ये बसून! मित्र व्हेत्तोरीला एप्रिल 1513 मध्ये त्याने लिहिले की मला रेशमाच्या किंवा लोकरीच्या धंद्यातले कळत नाही, नफातोट्यातले कळत नाही, म्हणून मला राज्यकारभाराबद्दलच बोलावे लागते. हे त्याने खिन्न होऊन लिहिले आहे, पण ते खरेही आहे. पुढच्या तीन शतकांत आधुनिक जग ज्या दोन गोष्टींनी घडवले, बंदूक-तोफ आणि भांडवल, त्या दोन्हींचे महत्त्व त्याला जोखता आले नाही.

त्याचा मित्र आणि वयाने धाकटा फ्रान्चेस्को ग्विचार्दिनी या बाबतीत अधिक सावध होता. उठसूट रोमनांचे दाखले देणे चूक आहे, परिस्थिती सारखी असल्याशिवाय दाखला लागू होत नाही, असे त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवले. पुराव्याकडे बघण्याची दृष्टी हाच निकष धरला तर आधुनिक ग्विचार्दिनी ठरेल.

तिसरा दावा, आधुनिक राज्यसंस्थेचा जनक, यावर मी फार वेळ घालवणार नाही. राज्यकर्त्यापासून वेगळी, प्रजेपासूनही वेगळी, स्वतःचे अस्तित्व असलेली राज्यसंस्था ‘द प्रिन्स’मध्ये शोधू नका. जे. एच. हेक्स्टरने 1957 मध्ये त्यातले प्रत्येक स्थळ तपासून दाखवले की तिथे राज्य ही राजाने मिळवायची, राखायची किंवा गमवायची चीज आहे. ती अमूर्त संस्था पुढे बोदँ आणि हॉब्ज यांच्याकडे आकाराला येते. सार्वभौमत्व, सामाजिक करार, नैसर्गिक हक्क, यांतले काहीही मॅकियाव्हेलीकडे नाही.

एवढे झाल्यावर तुम्ही म्हणाल, मग उरले काय? इथेच खरा वाद सुरू होतो, आणि त्यात दोन मोठी घराणी आहेत.

एका बाजूला राजकीय तत्त्वज्ञ लिओ स्ट्रॉस. 1936 मध्ये त्याने आधुनिक राजकीय तत्त्वज्ञानाचा मान हॉब्जला दिला होता. 1952 मध्ये त्याच पुस्तकाच्या अमेरिकी आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने तो काढून मॅकियाव्हेलीला दिला, आणि 1958 मध्ये त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्ट्रॉसचा युक्तिवाद असा: प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटल विचारत की उत्तम माणूस आणि उत्तम राज्य कोणते, ते प्रत्यक्षात येणे दैवावर सोडून देत. मॅकियाव्हेलीने ध्येयाची उंची मुद्दाम कमी केली, म्हणजे ते हमखास गाठता येईल. आणि दैव ही सोसायची गोष्ट न मानता काबूत आणायची गोष्ट मानली. पंचविसाव्या प्रकरणातली पूर आलेली नदी आणि आधीच बांधलेले बांध हे त्याचे चित्र. निसर्गावर विजय मिळवण्याचा बेकन-देकार्त यांचा सगळा कार्यक्रम इथून निघतो, असे स्ट्रॉस मानतो. आणि हे सगळे मॅकियाव्हेलीने लपवून, दोन ओळींच्या मध्ये लिहिले, असेही.

दुसऱ्या बाजूला केंब्रिजचे इतिहासकार, मुख्यतः क्वेंटिन स्किनर आणि जे. जी. ए. पोकॉक. यांचा आक्षेप मुळालाच आहे: सोळाव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकाचा आरंभ म्हणून वाचणे हा इतिहास नव्हे. तो कोणाला उत्तर देत होता ते आधी पाहा. फेलिक्स गिल्बर्टने 1939 मध्येच दाखवले होते की ‘द प्रिन्स’ हा राजाला उपदेश करणाऱ्या ग्रंथांच्या एका मोठ्या, चालू परंपरेतला आहे. सोळा ते अठरा ही प्रकरणे उघडून बघा: औदार्य, दया, वचनपालन. हे विषय मॅकियाव्हेलीने निवडलेले नाहीत, ते त्या परंपरेचे ठरलेले विषय आहेत, सिसेरो आणि सेनेकापासून आलेले. अठराव्या प्रकरणातले सिंह आणि कोल्हा सिसेरोच्या ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथातून घेतले आहेत. सिसेरो म्हणतो, बळ सिंहाचे आणि कपट कोल्ह्याचे, दोन्ही माणसाला न शोभणारी. मॅकियाव्हेली तेच दोन प्राणी उचलतो आणि सांगतो, राजाला दोन्ही व्हावे लागेल. त्या काळच्या शिकलेल्या वाचकाला सिसेरो पाठ असायचा; हा घाव कुठे बसला हे त्याला लगेच कळले असणार. स्किनरच्या वाचनाचा फायदा हा, की नवेपणा धूसर ‘आधुनिकता’ न राहता एका ठराविक वाक्यावर बोट ठेवून दाखवता येतो.

पोकॉक 1975 च्या ग्रंथात आणखी पुढे जातो. त्याचा मॅकियाव्हेली ‘डिस्कोर्सेस’चा आहे: शस्त्र धरणारा नागरिक, स्वतंत्र प्रजासत्ताक, आणि काळाच्या ओघात ते सडून जाण्याची भीती. पुढे व्यापारी समाज आला तेव्हा हा विचार त्याच्या विरोधात उभा राहिला. म्हणजे पोकॉकच्या हिशेबात मॅकियाव्हेली आधुनिकतेचा जनक नसून तिचा एक टीकाकार ठरतो.

स्ट्रॉसच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ‘डिस्कोर्सेस’च्या प्रस्तावनेत मॅकियाव्हेली स्वतः म्हणतो की आजवर कोणी न तुडवलेल्या वाटेने मी निघालो आहे. तेव्हा तो केवळ परंपरेतला एक, असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

या दोन घराण्यांच्या बाहेरचा एक आवाज आपल्याकडे फारसा पोचलेला नाही, आणि तो भारतीय वंशाच्या अभ्यासकाचा आहे: अँथनी परेल. कॅनडात शिकवणाऱ्या परेल यांचे नाव आपल्याला गांधीजींच्या ‘हिंद स्वराज’च्या केंब्रिज आवृत्तीचे संपादक म्हणून माहीत असते. 1992 मध्ये त्यांनी मॅकियाव्हेलीच्या विश्वकल्पनेवर पुस्तक लिहिले आणि त्याला सरळ आधुनिकपूर्व ठरवले. त्यांचा मुद्दा असा: त्याच्या जगात ग्रहतारे माणसांवर आणि राज्यांवर परिणाम करतात. ‘डिस्कोर्सेस’च्या पहिल्या भागाचे छप्पन्नावे प्रकरण वाचा. मोठ्या घटनांआधी शकुन होतातच, असे तो लिहितो. थोरल्या लोरेन्झो मेदिचीच्या मृत्यूआधी फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चवर वीज पडल्याचे सांगतो. आणि हवेत काही बुद्धिमान शक्ती असाव्यात ज्या माणसांना सावध करतात, असा तर्कही नोंदवतो. 1509 च्या जूनमध्ये पंधरा वर्षे हातातून निसटलेले पिसा परत ताब्यात घ्यायचे होते, तेव्हा शहरात पाऊल ठेवण्याचा शुभ मुहूर्त कळवणारे पत्र मॅकियाव्हेलीला आले होते. आणि नगरातल्या गटांबद्दल बोलताना तो वैद्यकातली भाषा वापरतो: शरीरात जसे दोष, तसे नगरात दोन दोष, एक बड्यांचा आणि एक सामान्यांचा. वात-पित्त-कफ घरात ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे इंग्रजी वाचकापेक्षा लवकर उमजेल. माणसाचा स्वभाव बदलत नाही, आकाश आणि सूर्य बदलत नाहीत, म्हणूनच रोमचे अनुकरण शक्य आहे, ही त्याची श्रद्धा याच जुन्या विश्वकल्पनेवर उभी आहे.

परेल यांनी मांडलेला पुरावा भक्कम आहे. पण एक गोष्ट त्यांच्या चित्राला छेद देते. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात लुक्रेशिअसच्या ‘वस्तुजाताचे स्वरूप’ या महाकाव्याचे एक हस्तलिखित आहे. ते मॅकियाव्हेलीने स्वतःच्या हाताने नकलले आहे, हे 1961 मध्ये सेर्जिओ बेर्तेल्लीने अक्षरावरून ओळखले. लुक्रेशिअस म्हणजे अणू, पोकळी, आणि माणसांत लुडबूड न करणारे देव. अणूंच्या वाकड्या गतीमुळे मन स्वतंत्र असते, त्या स्थळापाशी मॅकियाव्हेलीने समासात टीप लिहिली आहे. हे पुस्तक हाताने उतरवून काढणारा माणूस ग्रहताऱ्यांपुढे मान तुकवून बसलेला नव्हता. जुने आणि नवे त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होते. सोळाव्या शतकात अनेकांच्या डोक्यात तसेच राहत होते. म्हणून विश्वकल्पनेवरून त्याचा काळ ठरवू गेलो तर दोन्ही बाजूंना पुरावा मिळत राहील.

मग निकष कोणता? बर्लिनच्या संदर्भात परिणाम आणि हेतू हा फरक जपून ठेवा असे म्हटले होते. नंतर काय उगवले यावरून नवेपणा ठरवला तर प्रत्येक जण आपापला मॅकियाव्हेली काढतो. इटालियन मार्क्सवादी ग्राम्शीने मुसोलिनीच्या तुरुंगात बसून त्याच्यातून क्रांतिकारी पक्ष काढला, तो याच रीतीने. मला त्यापेक्षा खात्रीची वाटते ती साधी कसोटी: त्याचेच पुस्तक, त्याच शहरातला, तितकाच हुशार, त्याच्यावर प्रेम असलेला वाचक वाचतो तेव्हा कुठे थांबतो आणि म्हणतो, हे मला मान्य नाही?

असा वाचक आपल्याला मिळालेला आहे. ग्विचार्दिनीने ‘डिस्कोर्सेस’वर टिपणे लिहिली. पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात मॅकियाव्हेली म्हणतो की रोममधली बड्यांची आणि सामान्यांची भांडणे ज्यांना दूषण वाटतात, ते रोम स्वतंत्र राहण्याच्या मूळ कारणालाच दूषण देत आहेत. प्रत्येक प्रजासत्ताकात हे दोन गट असतात आणि स्वातंत्र्याचे सगळे कायदे त्यांच्या बेबनावातून जन्मतात. तार्किन राजे गेल्यापासून ग्राकस बंधूंपर्यंत तीनशेहून अधिक वर्षे ही भांडणे चालली, त्यांत फार थोडे लोक देशोधडीला लागले आणि रक्त त्याहून कमी सांडले, उलट सामान्यांचे रक्षण करणारे ट्रिब्यून त्यातून मिळाले. यावर ग्विचार्दिनीची टीप अशी आहे: फुटीची स्तुती करणे म्हणजे औषध गुणकारी ठरले म्हणून रोग्याच्या रोगाची स्तुती करणे.

या एका वाक्यामागे दोन हजार वर्षांची सहमती उभी आहे. प्लेटोपासून सिसेरोपर्यंत, तिथून मध्ययुगातल्या धर्मपंडितांपर्यंत, तिथून फ्लॉरेन्सच्या मानवतावाद्यांपर्यंत सर्वांना एक गोष्ट मान्य होती: एकोपा हे राज्याचे आरोग्य, फूट हा आजार. फ्लॉरेन्समध्ये तर त्या वेळी व्हेनिसचा जयजयकार चालला होता, कारण व्हेनिस शतकानुशतके शांत होते; 1494 नंतर फ्लॉरेन्सने आपली महासभाही त्याच नमुन्यावर बेतली होती. अशा शहरात उभे राहून व्हेनिस नको, गोंगाट करणारे रोम हवे, आणि स्वातंत्र्याची राखण बड्यांपेक्षा सामान्यांच्या हाती अधिक सुरक्षित, असे म्हणणारा माणूस एकटा होता. सिंह-कोल्ह्याचा घाव सिसेरोवर होता. हा घाव सगळ्यांवर होता.

त्याने कोणत्याही भांडणाला आशीर्वाद दिला असे मात्र समजू नका. ‘फ्लॉरेन्सचा इतिहास’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो दोन्ही शहरांची तुलना करतो: रोममधले तंटे वादविवादाने आणि कायद्याने मिटत, फ्लॉरेन्समधले हाणामारीने, हद्दपारीने आणि मृत्यूने. एका गटाला दुसऱ्याला पार चिरडून टाकायचे असते तेव्हा त्यातून कायदा निघत नाही. म्हणजे संघर्ष असावा, पण त्याला वाहायला संस्था हव्यात. पक्ष, निवडणुका, विरोधी बाकावर बसलेला नेता, संप करणारी संघटना, हे सगळे राज्याच्या प्रकृतीला अपायकारक नाही असे आज आपण सहज मानतो. ते सहज मानता येते त्यामागे हा विचार आहे. अलीकडे जॉन मॅकॉर्मिकने 2011 च्या पुस्तकात याच धाग्यावरून बड्यांना वेसण घालणारी लोकशाही मांडली. त्याचे काही निष्कर्ष मला ताणलेले वाटतात, पण प्रकरणे त्याने योग्य निवडली आहेत.

आणि हे केवळ रोमच्या इतिहासावरचे चिंतन नव्हते. 1520 च्या सुमारास मेदिचींनी, म्हणजे ज्यांच्या राजवटीत त्याचा छळ झाला त्यांनी, फ्लॉरेन्सचा कारभार कसा असावा यावर त्याचे मत मागितले. पोप दहावा लिओ याला उद्देशून लिहिलेल्या त्या टिपणात त्याने तुम्ही हयात असेपर्यंत सत्ता तुमच्याच हाती राहील अशी व्यवस्था करून दिली, आणि मग लिहिले की सर्वसामान्य नागरिकांचे समाधान केल्याशिवाय कोणतेही प्रजासत्ताक स्थिर झालेले नाही. म्हणून महासभेचे बंद केलेले दालन पुन्हा उघडा आणि हजार, निदान सहाशे नागरिकांना तिथे बसू द्या. मेदिचींनी ते केले नाही. पण पोपला, तोही मेदिची, हे लेखी सांगायला काय लागते याचा विचार करा.

तुमच्या परीक्षेच्या उत्तरापुरते सांगायचे तर ‘काळाचे अपत्य’ आणि ‘पहिला आधुनिक’ यांत निवड करू नका, आणि दोन्हींचा मध्यही काढू नका. साहित्य जुने, विश्वकल्पना बरीचशी जुनी, अर्थकारण आणि शस्त्रविद्या यांच्या बाबतीत तर डोळेझाकच, पण संघर्षाबद्दलचा विचार नवा, अशी मांडणी करा आणि प्रत्येक विधानाला एकेक प्रकरण जोडा. वाचायला वेळ कमी असेल तर ‘द प्रिन्स’ची नववी आणि पंधरा ते अठरा ही प्रकरणे, ‘डिस्कोर्सेस’च्या पहिल्या भागाची दोन ते सहा, आणि त्यांच्या शेजारी ग्विचार्दिनीची टिपणे ठेवा. स्ट्रॉस आणि स्किनर त्यानंतर घ्या. आधी घेतलेत तर मूळ ग्रंथात फक्त त्यांनी दाखवलेलेच दिसेल.